घडी, पट्टा, पॅड आणि कप

विषय आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी फसवलं असं म्हणायला नको. हा लेख पाळीबद्दल आहे. त्यातही पाळीत काय वापरायचं, याबद्दल. ज्यांना हे वाचणं अवघड वाटेल त्यांनी खुशाल पुढे जावं, राग नाही. पण घरात आई, बहीण, बायको, लेक यांपैकी कुणी एक जरी असेल, तर जरा थांबा. आपल्याच घरातला इतिहास आहे हा. फक्त तो कुणी कधी मोठ्याने सांगितला नाही.

निमित्त झालं एका पंचाचं.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी ऑफिसला जाण्याआधी माझ्या लेकीने बाल्कनीतल्या दोरीवर तिची कापडी पॅड्स वाळत घातली. पाच-सहा होती. रंगीत, फुलाफुलांची, बाजूला बटणं लावलेली. कुणाला सांगितलं नाही तर लहान बाळाची लाळेरी वाटावीत अशी. ती गेल्यावर थोड्या वेळाने मी झाडांना पाणी घालायला गेले, तर दोरीवर पॅड्स नाहीतच. नुसता एक मोठा जुना पंचा पसरलेला. पंचा उचलून बघितला तर खाली पॅड्स!

घरात आम्ही तिघी. लेकीने घातलेली, मी झाकलेली नाहीत. म्हणजे उरलं कोण?

"आई, हा पंचा तू टाकलास?"

"मग काय करू? समोरच्या बिल्डिंगमधून सगळं दिसतं."

"दिसू दे की. कापड तर आहे."

आई काही क्षण बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, केवढ्या कष्टाने आम्ही त्या फडक्यांतून सुटलो. आणि तुम्ही शिकल्यासवरलेल्या मुली पुन्हा तिकडेच निघालात. कौतुक कसलं त्याचं?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं तर सुचायला हवं होतं. पाळी थांबेपर्यंतची शेवटची पाच वर्षं मी स्वतः कप वापरला, मैत्रिणींना पिडून पिडून तो घ्यायला लावला, पर्यावरण, पैसे, आराम यांवर तासभर बोलू शकते. पण आईचा प्रश्न त्यातला नव्हताच. ती म्हणत होती, हे पुढे जाणं आहे की मागे? त्या दुपारी चहाच्या वेळी मीच विषय पुन्हा काढला. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही मायलेकी या विषयावर सलग तासभर बोललो. आईचं वय ७९, माझं ५३. उशीर झाला, पण असो.

आईचं लहानपण गिरगावातल्या चाळीतलं. दोन खोल्या, नऊ माणसं, संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याला मिळून. पाळी आली ती १९५९ साली, तेराव्या वर्षी. आजीने जुन्या लुगड्याचे तुकडे फाडून हातात दिले, घडी कशी घालायची आणि कंबरेच्या नाडीला कशी अडकवायची ते एकदा दाखवलं, आणि 'कुणाच्या दृष्टीस पडता कामा नये' एवढं बजावलं. बस्स, झालं शिक्षण. का येतं, किती दिवस राहतं, पोटात दुखलं तर काय करायचं, काही नाही. कावळा शिवला, एवढंच कारण.

आता गंमत बघा. कावळा शिवला की चार दिवस बाजूला बसायचं. पण दोन खोल्यांत बाजू आणायची कुठून? म्हणून आईची चटई असायची गॅलरीच्या दारापाशी. येणारा-जाणारा प्रत्येक जण बघून जायचा. म्हणजे बाई सगळ्यांना दिसेल अशी बसवायची, आणि तिचं कापड मात्र कुणाला दिसता कामा नये!

ते धुवायचं रात्री, सगळे झोपल्यावर, मोरीत, बादलीचा आवाज न करता. वाळत घालायचं मोरीच्या कोपऱ्यातल्या दोरीवर, त्यावर परकर टाकून. ऊन नाही, वारा नाही. मुंबईच्या पावसाळ्यात तीन-तीन दिवस वाळायचं नाही. मग तसंच दमट कापड पुन्हा वापरायचं. धुऊन धुऊन लुगड्याचं सूत कडक व्हायचं आणि शाळेतून चालत येईपर्यंत मांड्या सोलून निघायच्या. आई हे सगळं सांगत होती ते अगदी साध्या आवाजात, रेशनच्या रांगेबद्दल सांगावं तसं.

आपल्याला वाटतं ही सगळी आपल्याकडचीच तऱ्हा. तसं नाही. युरोप-अमेरिकेतल्या बायकाही एकोणिसाव्या शतकात जुनी फडकी, फ्लॅनेलचे तुकडे वापरत आणि धुऊन पुन्हा वापरत. १८९६ च्या सुमारास जॉन्सन अँड जॉन्सनने वापरून टाकून द्यायचे 'लिस्टर्स टॉवेल्स' बाजारात आणले. ते फारसे चालले नाहीत. चालणार कसे? जिची जाहिरात करता येत नाही आणि दुकानात जी तोंडाने मागता येत नाही, अशी वस्तू खपायची कशी?

हे कोडं सुटलं ते युद्धामुळे. अमेरिकेत किंबर्ली-क्लार्क नावाची कागद बनवणारी कंपनी होती. लाकडाच्या लगद्यापासून तिने कापसासारखा एक पदार्थ बनवला, सेल्युकॉटन. कापसापेक्षा स्वस्त आणि कितीतरी जास्त शोषून घेणारा. पहिल्या महायुद्धात तो जखमी सैनिकांच्या मलमपट्टीला गेला. आघाडीवरच्या इस्पितळांतल्या नर्सेसनी त्याचा दुसरा उपयोग आपला आपण शोधून काढला. धुवायला वेळ नाही, पाणी नाही, आणि हाताशी मलमपट्टीचा ढीग. अडलेल्या बाईला सांगावं लागत नाही! १९१८ मध्ये युद्ध संपलं, मलमपट्टीची मागणी आटली, आणि कंपनीकडे कारखाना उरला. मग १९२० साली तोच माल 'कोटेक्स' नावाने बायकांसाठी आला.

तरी दुकानात मागण्याची लाज होतीच. त्यावर तोडगा असा निघाला की काउंटरवर पाकिटं मांडून ठेवायची आणि शेजारी पैशांची पेटी. बाईने पाकीट उचलायचं, पेटीत पैसे टाकायचे आणि चालू लागायचं. दुकानदाराशी एक शब्द बोलायची गरज नाही. आपल्याकडे केमिस्ट न सांगता पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देतो ना, त्या काळ्या पिशवीची ही थोरली बहीण.

मला या गोष्टीत एक मेख दिसते. पॅड हे बायकांची अडचण बघून कुणी बसून शोधून काढलं, असं झालं नाही. माल आधी होता, गिऱ्हाईक मागाहून सापडलं. आणि गिऱ्हाईक तरी कसं, तर दर महिन्याला न चुकता येणारं, तीस-पस्तीस वर्षं! धुऊन वापरायचं फडकं विकून कुणी श्रीमंत झाल्याचं ऐकिवात नाही.

ते पॅड जागेवर राहावं म्हणून पट्टा आला. कंबरेला इलॅस्टिकचा पट्टा, पुढेमागे आकडे, त्यांत पॅडची टोकं अडकवायची. या पट्ट्याच्या इतिहासात एक नाव आहे, मेरी केनर. ही कृष्णवर्णीय अमेरिकन बाई वॉशिंग्टनमध्ये फुलांचं दुकान चालवायची आणि शोध लावायचा तिला नाद होता. तिने सुधारलेल्या पट्ट्याचं पेटंट १९५६ साली घेतलं. एका कंपनीला ते आवडलं, माणूस भेटायला आला, आणि बाई काळी आहे हे बघितल्यावर त्यांचा रस संपला. पुढे १९७० च्या आसपास खाली चिकटपट्टी असलेली पॅड्स आली आणि तिकडे पट्टा हळूहळू इतिहासजमा झाला.

माझ्यासाठी मात्र तो १९८५ मध्येही जिवंत होता. माझी पाळी सुरू झाली तेव्हा आम्ही पुण्यात होतो आणि आई नोकरी करत होती. पहिल्या महिन्यात तिने मला कापड दिलं. दुसऱ्या महिन्यात ऑफिसातून येताना एक पाकीट आणि एक पट्टा घेऊन आली. तो पट्टा घालून पी.टी. करणं म्हणजे एक स्वतंत्र कला होती. आकडा निसटला की सगळं संपलं! पण मला आता आठवतं ते वेगळंच. पाकीट यायचं ते फक्त माझ्यासाठी. आई स्वतः पुढे कित्येक वर्षं जुन्या सुती साडीच्या घड्याच वापरत राहिली. दोघींसाठी पाकिटं आणणं तिच्या पगारात बसत नव्हतं.

म्हणजे आईच्या लेखी पॅड ही वस्तू नव्हतीच. आपली मुलगी रात्री चोरून मोरीत बसणार नाही, याची ती पावती होती. ती पावती नातीने फाडून टाकली असं तिला वाटलं असेल तर चूक कुणाची?

पुढे नव्वदीत टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या. पांढऱ्या पॅडवर निळं पाणी ओतायचे आणि बाबा ताबडतोब पेपरात तोंड खुपसायचे. पॅड्स पातळ झाली, पंखवाली झाली. पट्टा गेला, घडी गेली. आम्ही सुटलो, असं आम्हालाही वाटलं.

आता कपाची गोष्ट. पुष्कळांना वाटतं की कप हे कालपरवाचं फॅड आहे. तसं अजिबात नाही. लिओना चाल्मर्स नावाच्या अमेरिकन अभिनेत्रीने १९३७ साली अशा कपाचं पेटंट मिळवलं. म्हणजे माझ्या आईच्या जन्माआधी नऊ वर्षं. आणि कप म्हणजे काय, तर आजच्यासारखाच घंटेच्या आकाराचा, खाली छोटा दांडा असलेला. फक्त रबराचा. रंगमंचावर वावरणारी बाई. पट्टे, पिना, बकलं यांच्या कटकटीतून सुटून पातळ, अंगालगत कपडे घालता यावेत, ही तिची अगदी व्यवहारातली गरज होती.

मग तो चालला का नाही? एक तर पुन्हा युद्ध आलं. १९४२ मध्ये जपानने मलाया आणि आसपासचा मुलूख घेतला, रबराचे मळे हातचे गेले, आणि रबर जे मिळेल ते ट्रकच्या टायरांना. कपाचं उत्पादन बंद पडलं. युद्धानंतर, पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी, तो 'टॅसेट' नावाने पुन्हा बाजारात आला, जाहिरातीही झाल्या, पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा गायब. बायकांना स्वतःच्या शरीराला हात लावायचा संकोच वाटायचा, हे एक कारण. दुसरं कारण व्यापारी. एक कप वर्षानुवर्षं टिकतो. एकदा घेतलेली बाई दुकानात परत येतच नाही! वस्तू चांगली आणि धंदा वाईट, असं ते गणित.

मधल्या काळात टॅम्पॉनचं राज्य होतं. १९८० साली अमेरिकेत टॅम्पॉन वापरणाऱ्या अनेक बायकांना टॉक्सिक शॉक सिंड्रोम झाला, काही दगावल्या, आणि 'रिलाय' नावाचे खूप जास्त शोषणारे टॅम्पॉन बाजारातून मागे घ्यावे लागले. त्यानंतर पर्याय शोधणं वाढलं. १९८७ मध्ये 'द कीपर' हा रबरी कप आला, २००० नंतर सिलिकोनचे कप आले, आणि २०१० नंतर ते आपल्याकडेही मिळू लागले. कापडी पॅड्सही नव्या रूपात आली. ऑरोव्हिलची 'इको फेम' ही संस्था २०१० पासून ती बनवते आहे.

मी स्वतः वळले ती २०१९ मध्ये. कारणं तीन, आणि त्यांतलं एकही फार उदात्त नाही.

पहिलं, उन्हाळा. वय वाढलं तसं ते वरचं प्लॅस्टिक मला सोसेना. मे महिन्यात पुरळ उठायचं, चालताना जीव जायचा. आई सांगते ती मांड्या सोलण्याची गोष्ट माझ्याही वाट्याला आलीच की, फक्त जास्त पैसे देऊन.

दुसरं, पैसे. लेक तेव्हा सतरा वर्षांची. एका पाळीला बारा पॅड्स, वर्षाला तेरा पाळ्या, म्हणजे एकीची वर्षाला १५६ पॅड्स. दोघींची ३१२. आठ रुपयांना एक धरलं तरी वर्षाला अडीच हजारांच्या आसपास. कप पडला साडेचारशे रुपयांना. नीट वापरला तर दहा वर्षं टिकतो. मी बाळंतपणाचा काळ वगळून माझ्या आयुष्यातला हिशेबही करून बघितला. चार हजारांवर पॅड्स. त्यांचा वरचा आणि खालचा थर प्लॅस्टिकचा. जाळून टाकली असतील तेवढी सोडून बाकी सगळी कुठल्या ना कुठल्या कचराडेपोत अजून आहेत. मी जाईन, ती राहतील.

तिसरं कारण सांगायला लाज वाटते. एके सकाळी खाली गेटपाशी कचरा नेणाऱ्या मावशी ओला-सुका वेगळा करत बसल्या होत्या. त्यांच्या हातातून एक पेपरची गुंडाळी सुटली आणि उलगडली. आत काय होतं ते सांगायला नको. पेपरचं ते पान शब्दकोड्याचं होतं, अर्धं सोडवलेलं, आणि अक्षर माझं होतं. मावशींच्या हातात मोजे नव्हते. त्यांनी काही न बोलता ते पुन्हा गुंडाळलं आणि बाजूला ठेवलं. माझ्याकडे बघितलंही नाही. मी ज्याला 'सुटका' म्हणत होते, ती म्हणजे माझं कापड दुसऱ्या बाईने हाताळायचं, एवढीच होती.

पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासून आहे, आणि दारोदार कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था त्यातूनच उभी राहिली. २०१३ साली 'स्वच्छ'च्या बायकांनी वापरलेल्या पॅड्सच्या पिशव्या भरून त्या बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवल्या होत्या. मी तेव्हा ती बातमी वाचून हसले होते, 'बरी जिरवली' म्हणून. आपणही त्या पिशवीत आहोत हे लक्षात यायला सहा वर्षं लागली. २०१६ च्या घनकचरा नियमांत कंपन्यांनी पॅडबरोबर गुंडाळायला पिशवी द्यावी असं आलं. पिशवी आली तरी ती उचलणारे हात तेच राहतात.

तर कप आला. पहिला दिवस विचारू नका. सत्तेचाळीस वर्षांची बाई, दोन बाळंतपणं झालेली, आणि बाथरूममध्ये चाळीस मिनिटं घाम गाळत बसलेली! घातला कसाबसा, पण काढताना हाती लागेना. मनात नको नको ते विचार. बाहेरून लेक शांतपणे सूचना देतेय, "आई, उकिडवी बस. घाबरू नकोस. दांडा ओढू नकोस, तळाशी चिमटा काढ, आधी हवा सुटू दे." माझ्या आईने मला जे एकदा दाखवून संपवलं होतं, ते माझी लेक मला दाराआडून पुन्हा पुन्हा सांगत होती. तिसऱ्या पाळीपर्यंत हात बसला.

मग जे कळलं ते आधी का नाही कळलं, याचंच नवल. एका पाळीत सगळं मिळून रक्त जातं साधारण ३० ते ८० मिलीलिटर. चहाचा छोटा कपसुद्धा भरत नाही! इतकी वर्षं मला वाटायचं बादलीभर जातं. आठ ते बारा तास बघावं लागत नाही. पुणे-नागपूर रात्रीचा प्रवास मी पाठीला उशी लावून निवांत झोपून केला, सीटवर डाग पडला का म्हणून एकदाही मागे वळून बघितलं नाही. पाळी सुरू होण्याआधी आणि संपल्यावर पाच मिनिटं उकळायचा, वापरायच्या आधी हात धुवायचे, एवढंच. तांबी बसवलेली असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायला हवं, कारण कप ओढताना ती सरकू शकते.

२०१९ मध्येच 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात कपांवरच्या ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, ३३०० बायकांचा. गळती पॅड किंवा टॅम्पॉनइतकीच किंवा कमी, आणि बहुतेकींना सवय झाल्यावर पुढे तोच वापरावासा वाटला, असं त्यात दिसलं. केरळात आलप्पुळा नगरपालिकेने त्याच वर्षी पाच हजार कप वाटले, आणि २०२२ मध्ये कुंबळंगी गावाने पॅडमुक्त गाव म्हणून नाव मिळवलं. तरी देशाचा आकडा बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या मुलींत कप वापरणाऱ्या हजारात तीन. पॅड वापरणाऱ्या शंभरात ६४. आणि कापड वापरणाऱ्या शंभरात ५०, कारण पुष्कळ जणी दोन्ही वापरतात. म्हणजे आई म्हणते तशा आपण फडक्यांतून सगळ्या सुटलेल्या नव्हतोच कधी.

इथे आईच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर माझा लेख म्हणजे नुसती कपाची जाहिरात व्हायची. २०१५ साली ओडिशात ४८६ बायकांचा अभ्यास झाला. धुऊन पुन्हा कापड वापरणाऱ्या बायकांत मूत्रमार्गाच्या आणि योनीच्या जंतुसंसर्गाची शक्यता पॅड वापरणाऱ्यांपेक्षा दुपटीहून जास्त निघाली. मग कापड वाईट? त्याच गटाने २०१८ मध्ये आणखी खोलात जाऊन बघितलं, तेव्हा बुरशीचा संसर्ग जास्त निघाला तो कापड घरात वाळवणाऱ्या आणि संडासात लपवून ठेवणाऱ्या बायकांमध्ये. मी हे वाचलं आणि मला मोरीतली ती दोरी दिसली, वर परकर टाकलेली. दोष सुताचा नव्हता. दोष त्या परकराचा होता.

आणि दुसरी बाजू. धुऊन वापरायच्या वस्तूला पाणी लागतं, साबण लागतो, कडी लागेल असं दार लागतं, आणि ऊन लागतं. माझ्याकडे हे सगळं आहे. ऊसतोडीला गेलेल्या, शेताच्या कडेला खोपीत सहा महिने काढणाऱ्या बाईकडे यातलं काय आहे? तिला मी कोणत्या तोंडाने सांगू, की पॅड सोड आणि पर्यावरण वाचव? तिच्यासाठी आपल्या राज्यात २०१८ मध्ये 'अस्मिता' योजना आली, त्यात शाळकरी मुलींना पाच रुपयांत आठ पॅड्स ठरली. कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी बायकोच्या हातातली फडकी बघून स्वस्त पॅडचं यंत्र बनवलं. २०१७ मध्ये पॅडवर बारा टक्के जीएसटी लागला, तो ओरड झाल्यावर जुलै २०१८ मध्ये काढावा लागला. हे सगळं योग्यच झालं. निवड करता येणं ही चैन आहे, आणि ती मला मिळाली ती आईने आणलेल्या त्या पाकिटांमुळे, हे विसरून चालणार नाही.

एवढं सगळं मी आईला टप्प्याटप्प्याने सांगितलं. ओडिशाचं, चाल्मर्सबाईंचं, शब्दकोड्याचंसुद्धा. तिने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. पंचा मात्र दर महिन्याला दोरीवर जातच राहिला. लेक आली की तो काढायची, आजी आली की पुन्हा टाकायची. दोघीही एकमेकींना काही बोलायच्या नाहीत.

मग जुलै आला. आठवडाभर पावसाने तोंड उघडू दिलं नाही. लेकीने पॅड्स तिच्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर, पंख्याखाली टाकली होती. दुसऱ्या दिवशी ती त्यातलंच एक घेऊन बाथरूमकडे निघाली, तर आईने मधेच अडवलं. पॅड हातात घेतलं, गालाला लावून बघितलं.

"हे दमट आहे. हे नाही वापरायचं."

"आजी, वाळलंय ते."

"वाळलेलं नाही. मला कळतं." आणि मग, तिथेच उभ्या उभ्या, आईने सांगितलं. १९६६ चा पावसाळा. कॉलेजचं शेवटचं वर्ष. दमट घड्या वापरून वापरून तिला संसर्ग झाला. खाज, जळजळ, अंगावरून जाणं. चार महिने. आजीला सांगितलं नाही, लाज वाटली. डॉक्टर पुरुष होते, त्यांना सांगायचा प्रश्नच नव्हता. परीक्षेला तीन-तीन तास बाकावर कशी बसले ते माझं मला माहीत, म्हणाली. कधीतरी आपोआप कमी झालं. पण मूल राहायला पुढे चार वर्षं लागली, तेव्हा प्रत्येक महिन्याला तिला वाटायचं की हे त्यामुळेच. त्यामुळे होतं की नाही, कुणाला विचारणार? मी जन्मले तोवर ती ते ओझं एकटीच घेऊन हिंडत होती.

आमच्या दोघींच्या तोंडून शब्द फुटेना. त्रेपन्न वर्षांत मी हे पहिल्यांदा ऐकत होते.

आई मात्र थांबली नाही. कपाटातून इस्त्री काढली. टेबलावर तोच पंचा दुमडून पसरला, त्यावर पॅड ठेवलं आणि उलटसुलट चांगली गरम इस्त्री फिरवली. वाफ निघाली. "बघ, म्हणे वाळलंय!" एकेक करून सहाच्या सहा तिने इस्त्री करून, बटणं लावून, घड्या घालून लेकीच्या हातात दिली. घड्या अगदी एकसारख्या. हात विसरत नाही.

"आता ऊन पडलं की बाहेर घालत जा," ती लेकीला म्हणाली. "कडक उन्हात. झाकू नकोस."

लेकीने मान डोलावली.

"पण आतल्या दोरीवर हं. कठड्याकडच्या नको. समोर ते लोक राहतात."